पहिला शब्द कोणत्या पेठेचा

राजधानी कधीच मरत नाही. राजे जातात, वंश बुडतात, तट ढासळतात. पण ज्या मातीवर एकदा सिंहासन टेकलं, ती माती ते वजन विसरत नाही.

हे वाक्य माझं आहे. ते स्टीलच्या पत्र्यावर कोरून आमच्या गावच्या एसटी थांब्याशेजारी लावलेलं आहे. लिहिलं तेव्हा बरं वाटलं होतं. आता खोडावंसं वाटतं, पण पत्रा स्टीलचा आहे. सिंहासन नेमकं कुठे टेकलं होतं, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. किल्ल्याचा जो तुकडा उरला आहे, त्यात टेकण्यासारखी सावलीची जागा एकच, आणि तिथे दुपारी शेळ्या बसतात.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आपण एकेकाळी राजधानी होतो असं सांगणारी गावं खानदेशात एकाहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या कोणाशीही पत्रव्यवहार करण्याची माझी इच्छा नाही. एवढं सांगतो, की गाव तापीकाठी आहे, धुळे जिल्ह्यात आहे, आणि सुलतानांचं राज्य इथूनच सुरू झालं असं गावात म्हणतात. सुरू झालं आणि पुढे बऱ्हाणपूरला निघून गेलं. सुलतान का गेले याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. वैशाखात गावात तीन दिवस राहिलेल्या माणसाला ती विचारावी लागत नाहीत.

मी स्वतः नोकरीपासून जळगावला राहतो. कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झालो, तिथेच राहिलो. माझ्या कॉलनीच्या नावात 'राज' आहे, शेजारच्या कॉलनीच्या नावात 'सम्राट', आणि दोघांच्या मध्ये एक डाळ मिल आहे. तुरीच्या टरफलांचा धुराळा दोन्ही राज्यांवर सारखा पडतो. सांगायचं एवढंच, की भव्य नावांपासून सावध राहण्याचं शिक्षण मला घरबसल्या मिळत होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी गावचा सरपंच बहिणीच्या लग्नाचं सोनं घ्यायला जळगावला आला आणि जाता जाता माझ्याकडे डोकावला. तिशीचा माणूस, पांढरा शर्ट, बोलताना सारखा मोबाइल उलटासुलटा करणारा.

"सर, लोक दौलताबादला जातात, मांडूला जातात. आपल्याकडे का येत नाहीत?"

"आपल्याकडे बघायला काय आहे?"

"ते तर तुम्ही ठरवायचं," तो म्हणाला. "आपण राजधानी होतो. राजधानीला पेठा असतात. प्रत्येक पेठेची हद्द ठरवू, नाव देऊ, फलक लावू. माणूस गाडीतून उतरला की त्याला कळलं पाहिजे, आपण कुठे उभे आहोत."

गावात उतरणाऱ्या माणसाला आपण कुठे उभे आहोत ते आधीच कळत असतं, कारण थांब्याजवळ गटार होतं. पण हे मी बोललो नाही. निवृत्त माणसाला कोणी काम दिलं की तो आधी हो म्हणतो आणि मग विचार करतो.

काम मी मनापासून केलं, हे कबूल केलं पाहिजे. धुळ्याला दोन फेऱ्या मारल्या. एका जुन्या संग्रहात गावाचा हाताने काढलेला नकाशा मिळाला. त्यात तटाची रेघ स्पष्ट होती. बस पारोळ्याला थांबली की सगळे किल्ल्याकडे पाठ करून भज्यांकडे वळत, आणि मी एकटा मांडीवर नकाशाची झेरॉक्स पसरून बसे. तटाच्या आतली ती शाही पेठ, बाहेरची ती नदी पेठ, असं मी पेन्सिलीने लिहिलं. गावात या दोघींना वरची पेठ आणि खालची पेठ म्हणतात आणि मधून एक नाला जातो. पण 'वरची' आणि 'खालची' ही काय नावं झाली?

मग पायी फिरलो. गावात पेठा सात असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माझ्या मोजणीत या दोन धरून सहा भरल्या. टाकसाळ गल्लीत नाणी पाडत असत म्हणे. आता तिथे एटीएम आहे आणि त्यातही काही पडत नाही. हत्तीखान्याची गल्ली इतकी अरुंद आहे, की हत्ती आत गेला असेल तर अजून तिथेच असला पाहिजे. दिल्ली दरवाजा या भागात दरवाजा नाही; दिल्लीबद्दल तर बोलायलाच नको. नालबंद मोहल्ल्यात आता दुचाकीच्या दुरुस्तीची तीन दुकानं आहेत, म्हणजे धंदा तोच राहिला, पाय तेवढे कमी झाले.

वेशीबाहेर बौद्ध वस्ती आहे. तिथल्या लोकांनी आपल्या नगराचं नाव स्वतः ठेवलं, कमान स्वतः बांधली, आणि तिच्यावरची अक्षरं गावातल्या कोणत्याही फलकापेक्षा सुबक आहेत. तिथल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना मी नकाशा दाखवला. त्यांनी चहा मागवला आणि नकाशा नीट पाहिला.

"राजधानीच्या वेळी आमचं घर या रेघेच्या आत नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा राजधानी तुमची तुम्ही सांभाळा. साखर पुरे आहे ना?"

साखर पुरे होती.

रेघ पक्की करण्यासाठी मी गावातल्या चौदा वडीलधाऱ्यांना विचारलं. तट कुठून जात होता, वेस कुठे होती, आपण कोणत्या पेठेत राहता. चौदाही जणांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून मी शेवटी नकाशावर विसंबलो. हे चौदाही पुरुष होते. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

यंदा आखाजीच्या बारा दिवस आधी फलक लागले. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. संध्याकाळी फोन आला.

"मास्तर बोली ऱ्हायना का?"

माझ्या फुईचा आवाज होता. फुई म्हणजे आत्या. वडिलांची धाकटी बहीण. ऐंशीच्या आतबाहेरची आहे. गाव तिला अक्का म्हणतं. एरवी ती मला भाऊ म्हणते. मास्तर म्हणाली की समजावं, काहीतरी चुकलं आहे.

"फुई, मीच बोलतोय."

"ते माहीत शे. मन्हा घरवर काय ठोकी गयात तुन्हा मानसं?"

"बोर्ड आहे तो. तुझं घर शाही पेठेत येतं."

"शाही म्हनजे?"

"वरची पेठ."

फोनवरची पंख्याची घरघर थांबली; तिने पंखा बंद केला होता.

"कव्हयपासून?"

"पहिल्यापासून. जुना तट तुझ्या घराच्या मागून जातो. नकाशात आहे."

"मंग पंचावन वरीसपासून मी कोठे ऱ्हाई ऱ्हायनू?"

मी इतिहासाचा माणूस. मी तटाचं साल सांगायला लागलो. तिने फोन ठेवला.

इथे आखाजीबद्दल सांगायला हवं. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घेण्याचा दिवस आहे; आमच्याकडे तो लेकींचा सण आहे. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुष उघडपणे पत्ते खेळतात आणि त्या दिवसापुरतं ते पाप धरत नाहीत. आणि आमच्या गावात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौराई बोळवायला दोन्ही पेठांतल्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. पूर्वी दगडही मारत. दगड बंद झाले. शिव्यांची धार त्यामुळे वाढली असं जाणकार सांगतात.

याला नियम आहेत. सुरुवात खालच्या पेठेने करायची. खाली राहणाराला तक्रार आधी सुचते म्हणून, असं वरच्या पेठेतल्या बायका म्हणतात. वरच्यांना ऐकू उशिरा येतं म्हणून, असं खालच्या पेठेतल्या म्हणतात. आणि पहिला शब्द बोलायचा तो खालच्या पेठेत राहणाऱ्या सगळ्यांत वडील बाईने. ती बोलेपर्यंत दोन्ही काठांवर कोणी शिवी काढायची नाही. तो पहिला शब्द वर्षभर गावात फिरतो. लग्नात, पंगतीत, नळावर.

हा मान बारा वर्षं माझ्या फुईकडे आहे. तिने एके वर्षी वरच्या पेठेला, "तुम्हना आठे चहा मांगा ते पानी देतस, आनि पानी मांगा ते वाट दखाडतस," असं म्हटलं होतं. वरच्या पेठेत पाहुण्याला अजून दोनदा चहा विचारतात, ते त्यामुळे.

तिच्यानंतर वयाने दुसरी बाई म्हणजे पिठाच्या गिरणीवाली काकू. फुईहून दोन वर्षांनी लहान. बारा वर्षं ती फुईच्या डाव्या हाताला उभी राहत आली आहे, तयार शब्द तोंडात धरून.

फुईचं घर शाही पेठेत गेलं, की खालच्या पेठेतली सर्वांत वडील बाई कोण, हे गिरणीवाल्या काकूला कोणी सांगावं लागलं नाही. फलक लागला त्याच दिवशी ती दळणाचा डबा हातात घेऊन फुईच्या ओट्यावर आली आणि फलकाकडे बघून म्हणाली, "चांगलं जयं अक्का. आते तू रानी. रानीना तोंडमा शिव्या शोभतस का?"

हे मला फुईच्या सुनेने फोनवर सांगितलं. वर असंही सांगितलं, की सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, चहा मात्र घेतात.

आखाजीच्या दिवशी मी गावाला गेलो. आधी सरपंचाकडे. तो मारुतीच्या पारावर पत्ते खेळत होता.

"एक फलक काढायचा आहे," मी म्हणालो.

"सर, पान टाकू द्या." त्याने पान टाकलं. "कोणता?"

"माझ्या आत्याच्या घरावरचा."

"तो नाही निघत. फोटो वर गेलेत." वर म्हणजे कुठे ते त्याने सांगितलं नाही, बोट मात्र आभाळाकडे केलं. "आणि सर, चूक असेल तर नकाशा तुमचाच आहे. चूक आहे का?"

मी नकाशा पुन्हा आठवून पाहिला. तट तिथूनच जात होता. चूक नव्हती.

"मग?" तो म्हणाला आणि पुन्हा पत्त्यांकडे वळला. पारावरचा एक म्हातारा न राहवून बोलला, "शाही पेठमा घर गयं ते रडी काब्र ऱ्हायनी डोकरी? आम्हनं घर टाका ना तठे."

फुई ओट्यावर बसली होती. डोक्यावर तो निळा पत्रा. मी सांजोऱ्यांची पुडी पुढे केली. तिने ती सुनेकडे दिली, माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या चारपाच बायका जमल्या. मी तट, वेस, नकाशा असं समजावू लागलो. एकीने मला मध्येच थांबवलं.

"भाऊ, हाई भितडं सोडा. अक्कानी मोरी कोठे वाहस?"

मोरीचा संबंध मला कळला नाही. तेव्हा त्यांनी मला, इतिहासाच्या सेवानिवृत्त प्राध्यापकाला, आमच्या गावाचा भूगोल शिकवला. ज्या घराची मोरी नाल्याच्या ज्या काठाला येऊन पडते, ते घर त्या पेठेचं. सून घरात आली की पहिल्या दिवशी सासू तिला मोरी दाखवते आणि पाणी कुठे जातं ते सांगते. घराची वाटणी झाली तर आधी मोरीची वाटणी होते. तट कुठून जात होता हे गावात एकाही बाईला माहीत नव्हतं, आणि घर कोणत्या पेठेचं याबद्दल एकीच्याही मनात शंका नव्हती.

"हे मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तू इचारं कोनले?" फुई पहिल्यांदाच बोलली.

बायका गेल्यावर मी तिथेच बसलो. फुईचं माहेर वरच्या पेठेतलं. ज्या घरात माझा जन्म झाला ते तिच्या घरापासून पाचशे पावलांवर आहे. नाला तेवढा ओलांडायचा. सासर आणि माहेर एकाच गावात पडलेली ती आमच्या घराण्यातली एकटी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती सकाळी माहेरी गेली, जेवली, झोका खेळली, संध्याकाळी परत आली आणि दुसऱ्या दिवशी खालच्या काठावर उभं राहून तिने समोरच्या काठावरच्या स्वतःच्या आईला शिव्या घातल्या. आईनेही कसर ठेवली नाही. रात्री आईने रसाचं पातेलं पाठवलं. हे पुढे आई मरेपर्यंत दरवर्षी चाललं.

"फुई, तिकडच्या काठावर उभी राहिलीस तर काय बिघडतं?" मी विचारलं. "शेवटी माहेरच आहे."

"तठे उभी ऱ्हायसू ते बोलू कोनले?" ती म्हणाली. "खालनी पेठले? त्यासले ते मी रोज बोलस." मग जरा थांबून म्हणाली, "वरनी पेठमा आते मन्हा बरोबरनं कोनी नही ऱ्हायनं. माय गई. बहिनी गयात. घरमा जासू ते नव्या पोरी खुर्ची देतस, ताई-ताई करतस. जशी काय मी पाहुनी. वरीसमा एकच दिन तठला लोके मन्ह्याशी भांडतस."

सुनेने चहा आणला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर दोन्ही काठ भरले. नाला पूर्ण कोरडा होता. तळाला प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल. वरच्या काठावर माझी चुलतवहिनी पुढे होती, तिच्या मागे माहेरवाशिणी, नव्या साड्यांत, मोबाइल वर धरून. खालच्या काठावर फुई नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. गिरणीवाली काकू तिच्या डाव्या हाताला. मी नाला ओलांडायच्या अरुंद सांडव्यावर, मधोमध. ही जागा मी निवडली नव्हती. तिथे उभं राहिलं की दोन्हीकडून दिसतं एवढंच.

"अक्का, तिकडे जावानं ना," काकू गोड आवाजात म्हणाली. "तुन्हा बोर्ड तिकडना शे."

"मोरी आठली शे मन्ही."

"कोनी दखी?"

"तुन्ही सासूनी दखी. जाय, तिले इचार."

काकूची सासू वारून वीस वर्षं झाली होती. खालचा काठ हसला. वरच्या काठावरून वहिनी ओरडली, "ओ, पहिला शब्द जया का? आम्ही बोलूत का आते?"

"नही जया!" दोघी एकदम म्हणाल्या.

काठावर बराच गलका झाला आणि मग एक तोडगा निघाला, जो मला तरी कोणत्याही न्यायालयाच्या तोडीचा वाटला. फुईच्या मोरीत एक बादली पाणी ओतायचं. ते नाल्याच्या ज्या काठाला बाहेर पडेल, ती तिची पेठ. पुढे कोणी बोलायचं नाही.

"नुसतं पानी नको," काकू म्हणाली. बारा वर्षं वाट पाहिलेली बाई ढिलाई करत नाही. "पानी कोनं बी ऱ्हास. रंग टाका त्यामा."

कोणीतरी घरातून कपड्यांची नीळ आणली. बादली निळीशार झाली. दोन्ही पेठांतून एक-एक बाई साक्षीला गेली आणि फुईच्या सुनेने त्यांच्यासमोर ती मोरीत रिकामी केली. "टाकं वं!" अशी हाक घरातून आली, गल्लीतून काठावर आली, आणि सगळं गाव नाल्याच्या भिंतींकडे बघू लागलं.

दोन्ही काठांच्या दगडी भिंतींत जुन्या मोऱ्यांची तोंडं आहेत, ओळीने. फुईच्या मोरीचं तोंड खालच्या काठाला, तिसरं. सगळ्यांना माहीत होतं. त्यातून एक वडाचं रोप बाहेर आलं होतं. आम्ही त्या रोपाकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं गेली. माहेरवाशिणींचे मोबाइल धरून हात दुखले, त्यांनी हात बदलले.

"हळू येस पानी," फुई म्हणाली. "उतार कमी शे."

दहा मिनिटं गेली. मी समोरच्या काठाकडे पाहिलं. तिथली तोंडंही कोरडी. मग माझ्या लक्षात आलं, की कोणत्याच तोंडातून काही येत नव्हतं. एकाही नाही. संध्याकाळची वेळ, दोन्हीकडे घराघरांत भांडी घासली जात होती, आणि नाल्यात थेंब नव्हता. हे बहुधा दोन वर्षांपासून असंच असावं. पण नाल्याकडे गावातलं कोणी वर्षातून एकदाच बघतं, आणि त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष समोरच्या काठावर असतं.

"पाइप टाकात ना मागे," सांडव्यावर माझ्यामागे येऊन उभा राहिलेला सरपंच हळूच म्हणाला. त्याच्या खिशातून पत्त्यांचा जोड डोकावत होता. "भुयारी गटार. रस्ते खोदले होते नाही का सर, ते."

"मग पाणी जातं कुठे?"

"ते ठेकेदाराला विचारावं लागेल."

हे बोलणं त्याने हळू केलं होतं, पण आखाजीला काठावर उभ्या असलेल्या बायकांपासून काही लपत नाही. बातमी दोन्हीकडे एकाच वेळी पोचली. आपापल्या मोरीबद्दल प्रत्येकीला पहिल्यांदाच शंका आली. चेहऱ्यांवर ती स्पष्ट दिसत होती. काठावर मी पूर्वी कधी न ऐकलेली शांतता पसरली.

गिरणीवाल्या काकूला मात्र तेवढी शांतता पुरेशी होती. पुरावा नाही म्हणजे फलक खरा, हे तिने क्षणात हेरलं. ती अर्धं पाऊल पुढे आली, पदर खोचला, समोरच्या काठाकडे मान वर केली आणि श्वास घेतला.

"ए मास्तर!"

आवाज फुईचा होता. ती समोरच्या काठाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुन्ही राजधानीले एक बालटी पानी ठिकानवर लई जाता येत नही, आनि माले रानी कराले निंघना!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग वरच्या काठावरून माझ्या चुलतवहिनीचा आवाज फुटला. "आम्हना पोऱ्याले बोलनी वं डोकरी! आम्हना पोऱ्याले!"

ती बरोबर होती. मी वरच्या पेठेचा. माझा जन्म तिथला, आमच्या घराची मोरी त्या काठाची, आणि मला बोललेला शब्द हा वरच्या पेठेला बोललेला शब्द. तो खालच्या काठावर उभं राहून बोलला गेला होता. म्हणजे पहिला शब्द झाला होता, आणि पहिला शब्द एकदा झाला की पुन्हा होत नाही. वहिनीने उत्तर दिल्याने तो समोरच्या पक्षाने मान्यही केला होता.

काकू तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मग इतक्या वर्षांचा शब्द वाया जाऊ नये म्हणून तिने तो दुसरा म्हणून वापरला. तो काही वाईट नव्हता. वरच्या पेठेचे जावई तीन दिवस राहिले की चौथ्या दिवशी उपाशी पळतात, असा काहीसा होता. पण दुसरा शब्द कोणाच्या लक्षात राहत नाही.

पुढे अर्धा तास दोन्ही काठांनी एकमेकींची भाकरी, भांडी, सुना, सासवा, गॅसच्या टाक्या आणि पोरांचे मार्क असं काहीही सोडलं नाही. मला मध्ये उभं राहून दोन्हीकडचं ऐकावं लागलं. वरच्या काठाने मला आपला म्हणून वाचवलं नाही. "मास्तरले बोलाले काय जास, तो ते जयगावना शे," असं एक माहेरवाशीण म्हणाली आणि त्यावर दोन्ही काठ एकत्र हसले. गौराई बोळवून झाली. फुई परत निघाली तेव्हा तिचा घसा पूर्ण बसला होता.

"भाऊ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जेवाले ये. रस करेल शे."

फलक अजून तिच्या भिंतीवरच आहे. तो काढायला ठराव लागतो आणि ठरावाला सभा. सुनेने त्याच्या खालच्या खिळ्याला मिरच्यांची परडी टांगली आहे. यंदाचा शब्द अपेक्षेप्रमाणे गावभर फिरला. नळाला पाणी आलं नाही की ग्रामपंचायतीसमोर लोक तो जसाच्या तसा म्हणतात, आणि सरपंचाने मला फोन करणं बंद केलं आहे.

नीळ तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. गावाबाहेर, वीटभट्टीच्या मागे एक उघडा खड्डा आहे. राजधानीच्या सगळ्या पेठांचं पाणी तिथेच जातं.